औषधभांडारातला हिरवा दिवा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे माननीय अधीक्षक साहेब. व्यासपीठावरील मेट्रन बाई. जिथं औषधाची एक बाटली कधी इकडची तिकडे झाली नाही त्या भांडाराच्या प्रमुख, आपल्या सर्वांच्या मोठ्या ताई. त्यांच्या शेजारी बसलेले त्यांचे यजमान. उद्या सकाळी भांडाराच्या किल्ल्या हाती घेणार आहेत त्या नव्या मॅडम. आणि समोर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

माइक जरा खरखरतोय. दोष कुणाला देणार? मीच लावलाय. अठरा वर्षं मी या इमारतीचा वायरमन. माझी जागा शिडीवर. आजच्या वक्त्यांत मी नव्हतोच. सकाळपासून तीनदा मेट्रन बाईंना म्हटलं, मला दोन मिनिटं द्या. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही पंखे बघा." पंखे बघून आलो. फिरताहेत. आता बोलतो.

ताईंच्या कामाबद्दल मी काय सांगावं? सुट्टीच्या दिवशी दोन-दोन वेळा घरून यायच्या, का तर इंजेक्शनांचा फ्रीज सुरू आहे ना बघायला. हात लावायच्या, कान लावायच्या आणि परत जायच्या. यजमान बाहेर स्कूटर सुरू ठेवून उभे. एकदा ते मला वैतागून म्हणाले, "वायरमन, हिचं लग्न माझ्याशी झालंय की त्या फ्रीजशी, एवढं फक्त सांगा." हसा, हसा. तेही हसताहेत.

तर मला वाटलं, या बाईंचा जीव थोडा भांड्यात पडेल असं काही करू. माझ्या मुलीनं शाळेच्या प्रकल्पासाठी एक छोटा बोर्ड आणला होता. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा. त्यात प्रोग्रॅम लिहायचा, एलईडीचा बारका दिवा जोडायचा, वीज आवरायला मध्ये एक रेझिस्टर, आणि दिवा आपण सांगू तसा लुकलुकतो. मुलीनं मला एका दुपारी शिकवलं. बोर्ड मी ताईंच्या टेबलावर, काचेच्या दारातून दिसेल असा बसवला. हिरवा दिवा. म्हटलं, "ताई, हा लुकलुकतोय तोवर फ्रीज सुरू."

पहिल्या दिवशी तो एक सेकंद पेटायचा, एक सेकंद विझायचा. ताईंनी चष्मा वर केला. "हा फारच शहाण्यासारखा वागतो हो. फ्रीज कधी असा एका तालात चालतो का?" मी घरी गेलो, प्रोग्रॅम बदलला. आता मधला वेळ दर खेपेला वेगळा, मनाला येईल तसा. कधी भर्रकन, कधी रेंगाळत. ताई म्हणाल्या, "आता खरा वाटतो."

अध्यक्ष महाराज, तुम्ही घड्याळ बघू नका. मीच बघतोय. पाणी? नको, राहू दे.

खरा वाटतो म्हणाल्या. खरा नव्हता. त्या बोर्डातून निघालेली वायर फ्रीजच्या मागं जाते आणि तिथं संपते. टोकाला चिकटपट्टी आहे. फ्रीजची थंडी मोजणाऱ्या सेन्सरची मागणी मी केली होती, तो आला की जोडू म्हटलं. तोवर तात्पुरतं. आमच्या धंद्यात तात्पुरत्याइतकं टिकाऊ काही नसतं. सेन्सर आला नाही, मी आठवण केली नाही. आणि बोर्डाचा चार्जर वेगळ्या प्लगवर. फ्रीज चालो, बंद पडो, दिव्याला काही सोयरसुतक नव्हतं.

  ताई, तुम्ही उठू नका, बसा. काय म्हणालात?

त्या म्हणताहेत, "बोला. पूर्ण बोला."

बोलतो. दोन वर्षं सगळं छान चाललं. ताई सुट्टीला घरी राहू लागल्या. पहारेकऱ्याला फोन करायच्या, "लुकलुकतोय का?" तो म्हणायचा, "लुकलुकतोय, ताई." यजमानांनी मला पेढे... नाही, पेढे नाही, शर्टाचं कापड दिलं. मी ते शिवून घेतलं. फुशारकीनं घातलं. मग गेल्या उन्हाळ्यात ताई नोकरीत पहिल्यांदाच चार दिवस बहिणीकडे गेल्या, वॉर्डांना चार दिवसांची औषधं आधीच देऊन, भांडाराला कुलूप लावून. दुसऱ्या दिवशी फ्रीजचा कॉम्प्रेसर बसला, थंडावा गेला. पहारेकऱ्यानं रोज खरं तेच सांगितलं, दिवा लुकलुकतोय.

परत आल्यावर ताईंनी आधी दार उघडून कप्प्यावर हात ठेवला. दिव्याकडे बघितलंसुद्धा नाही. वॉर्डाच्या गाड्या दारात उभ्या होत्या, त्या तिथंच थांबवल्या. म्हणून कुणा रुग्णाला काही झालं नाही. एक अख्खा कप्पा इंजेक्शनं मात्र टाकून द्यावी लागली. चौकशी झाली. ताईंनी लिहून दिलं, "मी पहारेकऱ्याला नीट विचारले नसावे. जबाबदारी माझी." पहारेकरी वाचला. मी वाचलो. आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत ताईंच्या सेवापुस्तकात एकच ताकीद लागली, निष्काळजीपणाची. निष्काळजी! या बाई!

त्या दिवशी कॉम्प्रेसर मीच दुरुस्त केला. ताई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुमचा दिवा बरोबरच असणार हो. माझंच वय झालं."  मी म्हटलं, "होतं असं, ताई." एवढंच म्हटलं. नोकरीची भीती वाटली, दुसरं काय? तेव्हापासून त्या दारावरून जाताना मी मान खाली घालून जातो.

आज सकाळी ताईंनी नव्या मॅडमसाठी केलेली सूचनांची यादी मला वाचायला दिली. स्वच्छ अक्षर. सातवी सूचना : हिरवा दिवा लुकलुकत असेल तर फ्रीज सुरू आहे असे समजावे. नव्या मॅडम, हात जोडतो, असं अजिबात समजू नका. सातवी सूचना आत्ता, इथंच खोडा. ताईंसारखा हात लावून बघा. ताई, जाण्याआधी त्यांना एकदा दाखवा, हात कुठं ठेवायचा ते.

आणि साहेब, हा माझा जबाब. सगळं लिहिलंय, खाली सही आहे, आजची तारीख आहे. ताई उद्यापासून या इमारतीत येणार नाहीत. ती ताकीद त्यांच्या नावावरून आज काढा. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, मी उद्या आठ वाजता शिडीपाशी असेन.

मला बोलू दिलंत, मेट्रन बाईंचे आभार. यजमान, तुमच्या कापडाचेही. कार्यक्रमात विघ्न आणलं. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर ते सगळ्यांनी पोटात घाला. दिव्याचं मात्र कुणी पोटात घालू नका. ताई, तुम्हीसुद्धा नाही. ते माझ्या नावावर लिहू द्या.