इंजिनाचा धूर

ताई : सगळं मंडळ तुला शोधतंय, आणि तू या पेटाऱ्यांच्या मागे? बाळ्या, इकडे बघ. छाती वाजतेय तुझी!

बाळ्या : हळू बोल गं. मास्तरांना ऐकू जाईल.

ताई : जाऊ दे की. श्वासाचा पंप कुठाय?

बाळ्या : घेतला आत्ताच. ताई, बाहेर ऐकलंस का? सगळं सभागृह पोरांनी भरलंय! 'इंजिन, इंजिन' म्हणून ओरडतायत! चाळिशी उलटली माझी, पण माझ्या नावानं आजवर कोणी ओरडलं असेल तर आमचे साहेब!

ताई : विनोद नंतर. एकेका शब्दाला धाप लागतेय तुला. नीट बस, पाठ ताठ. मी मास्तरांना सांगते.

बाळ्या : नको! मागच्या मंडळात सांगितलं होतं ना? किती मायेनं बोलले सगळे! 'तुम्ही आपले जिवाला जपा हो.' आणि दुसऱ्या दिवसापासून मी प्रेक्षकांना खुर्च्या दाखवायला. आयुष्यात पहिल्यांदा नाटकात मुख्य काम मिळालंय, ताई, इंजिनाचं. ते जाईल.

ताई : आणि रंगमंचावरच आडवा झालास तर?

मास्तर : कोण आडवं होतंय? अरे, इंजिन इथं, आणि मी विंगा पालथ्या घालतोय! या, या, गंमत दाखवतो. हे धुराचं यंत्र! मुद्दाम लपवून ठेवलं होतं. तू शिट्टी दिलीस की धुरांड्यातून भकाभका धूर! पोरं खुर्च्यांवर उभी राहतील! ...काय झालं? चेहरे का पडले?

ताई : मास्तर, याला दमा आहे.

बाळ्या : ताई!

मास्तर : दमा? मग तालमीत गच्चीभर झुकझुक करत धावत होता, तो कोण?

बाळ्या : मीच. तिथं काही होत नव्हतं, शपथ. फसवलं नाही मी... सांगितलं नाही, एवढंच.

मास्तर : रागावलो नाही रे. पण मला समजू दे. गच्चीवर होत नाही, इथं होतं. मग इथं असं काय आहे, जे गच्चीवर नव्हतं?

बाळ्या : मास्तर, हा काय वर्ग आहे?

मास्तर : आहे असं समज. घाई नाही. आठवेल तसं सांग.

बाळ्या : हे जुन्या कपड्यांचे पेटारे. नुसती धूळ.

ताई : आणि शहाणा लपला त्यांच्याच मागे!

बाळ्या : मग लपणार कुठं? आणि... रंगाचा वास. इंजिनाला कोणीतरी रंग दिलाय काल.

मास्तर : मीच दिला. म्हटलं, पहिला प्रयोग, आपलं इंजिन लालचुटूक दिसू दे. अरेरे! आणि वर हा धूर. तुझ्या कौतुकासाठी जे जे केलं, ते सगळं तुझ्याच छातीवर बसलं की!

बाळ्या : तुम्हाला कुठं ठाऊक होतं?

ताई : याच्या तोंडून निघेल तर ना! मित्रांत कोणी सिगारेट पेटवली की याला काम आठवतं, हा उठतो. मग त्यांनी बोलावणंच सोडलं. कचेरीत जुन्या फायलींच्या खोलीत वर्षानुवर्षं खोकला. मी मागे लागले तेव्हा यानं साहेबांना सांगितलं, आणि त्यांनी लगेच खिडकीजवळ टेबल दिलं! ओरडणाऱ्या साहेबांनी!

मास्तर : चल, आधी मोकळ्या हवेत. बाकीचं मी बघतो.

ताई : पण एक सांगून ठेवते. आराम पडला तरच काम. नाही पडला, तर सरळ दवाखाना. मग पोरं ओरडोत नाहीतर रडोत.

मास्तर : कबूल. पण याचं काम दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही. तेही कबूल?

(थोड्या वेळानं, मागच्या ओट्यावर. आतून पोरांचा गलका ऐकू येतो.)

ताई : आता बोलून दाखव बरं. एका दमात.

बाळ्या : 'बाजूला व्हा, बाजूला व्हा, डोंगरापलीकडे जायचंय मला!' झालं! ताई, झालं! छाती मोकळी झाली!

मास्तर : वाजत नाही ना? छान! लाल इंजिन आणि पेटारे बाहेर काढलेत, तालमीतलं पुठ्ठ्याचं आत ठेवलंय. दारं-खिडक्या सताड उघड्या. धुराचं यंत्र माझ्या घराकडे रवाना.

बाळ्या : मग धुराचं काय? बिनधुराचं इंजिन म्हणजे पोरं मला बस समजतील!

ताई : मास्तर! दुसऱ्या अंकातली माझी धोबीण! तिचे साबणाचे फुगे! मी पुठ्ठ्यामागे बसते, धुरांड्यातून फुगेच फुगे सोडते!

मास्तर : वा गं पोरी! फुगे धरायला पोरं नाचतील नुसती! आणि कोणी विचारलंच, तर सांगू, इंजिन आज अंघोळ करून आलंय.

बाळ्या : मास्तर, हसवू नका! हसूनही दम लागतो मला. बघा, हेही सांगून टाकलं.

मास्तर : असंच सांगत जा. चला आत! (रंगमंचावर, पडद्यामागे.) जागा घ्या! ताई, पुठ्ठ्यामागे. बाळ्या, तू मध्ये. तयार?

बाळ्या : मास्तर... एक मिनिट. जरा श्वास घेऊ?

मास्तर : सावकाश घे. पडद्याची दोरी माझ्या हातात आहे.