शालिनीच्या पेशी

मंडळी, आत्ता बुद्धवंदना झाली आणि अनघानं माझ्या हातात माइक दिला. अनघा शालिनीची विद्यार्थिनी. मी टेलिफोन खात्यातला माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. उभं राहून बोलायची सवय नाही. त्यात बायकोबद्दल, आणि ती समोर नसताना. घरात ती बोलायची, मी ऐकायचो.

तुमच्यातले निम्मे तिच्या प्रयोगशाळेतले. उरलेल्यांसाठी सांगतो. कर्करोगाच्या पेशीवर खुणा असतात. त्यातली एक खूण नेमकी ओळखून तिला चिकटणारं प्रतिपिंड बनवायचं, हे तिचं काम. त्यासाठी उंदराच्या प्लीहेतल्या, प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींचा कर्करोगाच्या पेशींशी संकर करायचा. मग असंख्य पेशींमधून हवी ती एक निवडून वाढवायची. लग्न नवीन असताना हे तिनं मला जेवताना समजावलं. मी म्हटलं, "जेवताना उंदीर नको." ती म्हणाली, "मग कधी सांगू? जेवतानाच तर घरी असता."

पेशींना रविवार नसतो. दिवाळीतसुद्धा त्यांचं खाद्य बदलावं लागतं. मी तिला स्कूटरवर सोडायचो आणि दाराबाहेर पेपर वाचत बसायचो.

नव्वदीच्या दशकात तिला ती पेशी सापडली. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाची खूण अचूक ओळखणारी. कितीतरी वर्षं शालिनी त्या पेशीच्या मागे होती. फोन आला, "अहो, सापडली."

त्या पेशी द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवल्या. गणपतीत रस्ते बंद, नायट्रोजनची गाडी आलीच नाही. टाकी कोरडी पडली. बाहेर वाढत होत्या त्यांना आधीच बुरशी लागली होती. सगळं गेलं. शालिनी घरी आली, पर्स खुंटीला लावली, भात टाकला. मी विचारलं, "परत करता येईल ना?"

"दुसरी मिळेल. तीच नाही मिळणार."

दुसरी मिळाली. पहिलीइतकी चांगली नव्हती, असं ती नेहमी म्हणायची. पण इथल्याच एका रुग्णालयात लहान मुलांचं रक्त त्या प्रतिपिंडानं तपासलं जायचं.

तो काळ आठवा. हिंजवडीला कंपन्यांच्या बसेस जायला लागल्या. तिचे विद्यार्थी एकेक करून संगणकाकडं वळले. खराडीच्या एका कंपनीनं तिलाही बोलावलं. पगार घसघशीत. ती म्हणाली, "तिथं पेशी नाहीत हो." विषय संपला.

पुढं तपासणीचे परदेशी तयार किट आले. रुग्णालयानं तिचं प्रतिपिंड घेणं थांबवलं. "बरंच झालं," ती म्हणाली. "मुलांचं निदान होतंय ना?" आणि त्या संध्याकाळी डाळिंब सोलत बसली. किती वेळ. दाणे कुणीच खाल्ले नाहीत.

मग तिलाच गाठ आली. डॉक्टर म्हणाले, आता प्रतिपिंडाची औषधं आहेत, गाठीवर त्यांची खूण आहे का तपासून पाहू. अहवाल आमच्या आधी तिनंच वाचला. "माझ्या गाठीवर ती खूण नाही. औषध चिकटणार कशाला?" वर्गात शिकवावं तसं सांगितलं. थोड्या वेळानं म्हणाली, "एकदा लॅबमध्ये न्याल?"

नेलं. जिना चढवेना. अनघानं सूक्ष्मदर्शक खालच्या खोलीत आणला, पेशींची बाटली आणली. शालिनी बराच वेळ वाकून पाहत राहिली. मग म्हणाली, "या, तुम्ही पाहा."

इतकी वर्षं दाराबाहेर बसलेला मी, पहिल्यांदाच पाहिलं. गोल, चकचकीत ठिपके.

"चमकतायत," मी म्हटलं.

"जिवंत आहेत म्हणून."

मला पुष्कळ विचारायचं होतं. पण ती दमली होती. म्हटलं, सावकाश विचारू. तो सावकाश काही आला नाही.

आता प्रश्न सुचतात. मेलेली पेशी कशी दिसते? इतक्या पेशींमधली हवी ती एक कशी ओळखायचीस? कुणाला विचारू? अनघा सांगेल. पुस्तकात सापडेल. पण मंडळी, ते मला तिच्या तोंडून ऐकायचंय.

चला, थोडा वेळ सगळे उभे राहू. कुणी काही बोलू नका.

शालिनी, जयभीम.