पांढऱ्या पट्ट्यांवरचे डाग

"हॅलो? … हॅलो? … हो, हो, मी गोपीनाथ गुरुजी. सरावलीच्या शाळेतला. … कोण? जरा मोठ्यानं बोला, खरखर फार आहे. … यमुना! अगं, आवाज ओळखलाच नाही तुझा. बोल, पोरी. … नवसारीला? तंबू लागला का तिथे? … बरं, बरं."

डहाणू रोडच्या पोस्टात टेबलाच्या कडेला उभं राहून गुरुजींनी काळा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. सर्कशीतल्या पोरीचा नवसारीहून तुमच्या नावानं पी.पी. कॉल आहे, असा निरोप पोस्टमास्तर प्रल्हादरावांनी सकाळीच पाठवला होता. फोन कशासाठी असणार, हे गुरुजींना ठाऊक होतं. सर्कशीचा डहाणूचा मुक्काम हलला तेव्हा शेवंती आजारी होती. शेवंती म्हणजे सर्कशीतली झेब्र्याची मादी. पोट फुगून ती उभीसुद्धा राहत नव्हती, म्हणून शेठ तिला शाळेच्या आवारात गुरुजींच्या भरवशावर ठेवून पुढे गेले. लहानपणापासून तिला खाऊ घालणारी, तिच्या पाठीवर उभी राहून खेळ करणारी यमुना जाताना रडत गेली होती.

पोस्टात येताना गुरुजींनी वाटेत मनाशी दोन गोष्टी पक्क्या केल्या होत्या. शेवंती गेली, हे पोरीला सांगायचं. कुणाच्या हातून गेली, ते सांगायचं नाही. आणि ज्याच्या हातून गेली तो पाड्यावरचा काकड्या, 'येऊ नकोस' असं दोनदा सांगूनही मागोमाग चालत आला होता आणि आता बाहेर ओट्यावर उकिडवा बसला होता.

"खाल्लं ना, खाल्लं. … हो, पोरं ओढ्याकाठचं गवत कापून आणायची. … नाही गं, चणे नाही दिले. तू बजावलं होतंस ना! … हो, बसत होती, उठत होती. चार पावलं चाललीसुद्धा. … अगं, ऐक ना, आमच्या जिवलीनं तिचं चित्र काढलंय. शाळेच्या भिंतीवर. … चौथीतली पोर. लग्नात बायका घरात काढतात ना, तांदळाच्या पिठानं, तसं. दोन त्रिकोण, टोकाला टोक, की झालं जनावराचं अंग. … पट्टे? तीच तर गंमत! पांढरे तेवढे काढले, काळे काढलेच नाहीत. मी म्हटलं, काळे कुठे गं? तर म्हणते, ते भिंतीत आहेतच की, गुरुजी."

तिकडे यमुना हसली. ते हसू कानात आलं आणि गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

"हो… हो, शेपटीसुद्धा तुझ्या शेवंतीसारखीच आखूड. … पहिल्या दिवशी? पहिल्या दिवशी सगळ्या पोरांनी एकच विचारलं. हिला एवढे डाग कुणी दिले? … अगं, मळाचे नव्हेत. चटके. तापल्या विळ्याचे. … हो, जिवंत जनावराला! बैलाचं पोट फुगलं की इकडे डाग देतात. पोराला धाप लागली तरी देतात. माझ्या वर्गात सदरे वर करायला लावले, तर निम्म्या पोटांवर… हसू नकोस. नाही, हसलीस तर हस. मीही हसलो होतो. मग चित्र काढून दाखवलं. हा आफ्रिकेचा माळ, हा एवढा कळप, हे पट्टे जन्मापासूनचे. पोरांना पटलं. … हो, पोरांना शिकवणं सोपं असतं. … मोठे कुठे येतात वर्गात?"

"… काय? … कधी? … रविवारी?"

प्रल्हादरावांनी चष्म्यावरून पाहिलं.

"अगं, एवढ्या घाईनं कशाला? … शेठ हो म्हणाले? … वॅगन सांगितली? … नको. … नको म्हणजे… यमुना, ऐक. … तू येऊ नकोस पोरी. … नाही, मी रागावलेलो नाही. शाळेला कसला त्रास? … अगं, ऐक तरी! … शेवंती गेली, बाळ."

"हॅलो? … यमुना? … आहेस ना?"

"… काल सकाळी. … हो. … खरंच सांगतोय. … रड. रड पोरी, मी थांबलोय."

मधेच ऑपरेटरचा आवाज घुसला, तशी लाइन तोडू नका म्हणून गुरुजी घाईनं गुजरातीत विनवू लागले.

"बेन, कापशो नहीं… हा, हजी वात चाले छे. चालू राखजो. … यमुना? हं. … पुन्हा फुगलं पोट. परवा रात्री. … मी नव्हतो गं. तलासरीला शिक्षकांची सभा होती, रात्री मुक्काम पडला. सकाळच्या एसटीनं आलो, तर फाटकाशीच माणसं उभी. … नाही, डॉक्टर नाही. जनावरांचा डॉक्टर इथे कुठला गं रात्रीचा? … पाड्यावरचेच धावून आले. त्यांना वाटलं, वाचवू. … हो, तेच. … डाग दिले."

गुरुजींनी दाराकडे पाहिलं. काकड्याची नुसती पाठ दिसत होती.

"शिव्या नको देऊस. … नको देऊस, यमुना. ऐकून घे. त्यांच्या घरात एकच बैल असतो, तो फुगला की ते हेच करतात. तुझ्या शेवंतीला त्यांनी परकं जनावर मानलं नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. … कुठे म्हणजे? … पोटावर. पांढऱ्या पट्ट्यांवर. … का, ते सांगतो. त्यांना वाटलं, काळे पट्टे म्हणजे आधीच्या कुणीतरी दिलेले डाग. एवढे डाग देऊन ज्यानं हिला जगवलं, त्याचा हात मोठा. पण मधली मधली जागा त्यानं सोडलीय, म्हणून दुखणं उलटलं. तेवढी जागा भरली की बरी होईल. … हो. … हो गं. एकेका पांढऱ्या पट्ट्यावर, नीट, विळा पुन्हा पुन्हा तापवून. चुकून काळ्यावर पडू नये म्हणून कंदील धरला होता."

खरखर वाढली, तसा गुरुजींनी रिसीव्हर कानाशी आणखी घट्ट धरला.

"चार पाय बांधले होते. … दोरानं. … काय? … दोराला भ्यायची? … कुणी सांगितलं तुला? … म्हाताऱ्या रखवालदारानं? … हं. … हं. … म्हणजे ती तंबूत जन्मलेली नव्हती? … पकडलेली? … आईमागे धावत होती… मोटार मागे लागली… मोटारीतून फास टाकला? … केवढी होती तेव्हा? … एवढीशीच. … आणि आई? … ती मागे वळली? … अरेरे. … म्हणून तू तिला कधी दोर लावत नव्हतीस. नुसता हात ठेवून चालवायचीस. आम्हाला वाटायचं, सर्कशीतली ऐट. … अगं, हे मला आधी… नाही, नाही. तुझी चूक नाही. काय घाईत निघालात तुम्ही. … नाही म्हटलं ना! माझ्याकडे बघ… म्हणजे, ऐक माझं. तुझी चूक नाही.

"… सोडल्यावर पळाली. … हो, एवढी आजारी असून. आवारातून भाताच्या खाचरांत, तिथून माळावर. माणसं मागे, तशी ती पुढे. हाका मारत होते, 'थांब बाय, थांब बाय' म्हणत. आणि मग पडली. छाती फुटली असणार. … नाही, फार वेळ नाही. मला सांगितलं, लगेच गेली. … खोटं कशाला बोलतील?

"… नाव? … नाव कशाला हवंय तुला? … अगं, तुला कळून काय… हॅलो? … यमुना? … कोण? … शेठ?"

गुरुजींनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. पाठ ताठ केली.

"नमस्कार. … हो, ऐकलंत ना सगळं? … खरं आहे. … जनावर माझ्या भरवशावर होतं, तेव्हा जबाबदारी माझी. माझं नाव घ्या. … तलासरीला होतो हे मीच आत्ता… हो, मीच सांगितलं पोरीला. … म्हणून काय झालं? … नाही. नाव सांगणार नाही. … नाही सांगणार, शेठ.

"… घोड्यालाही डाग देतात, घोडा मरत नाही? अहो, हा घोडा नव्हे! घोड्याच्या किती पिढ्या माणसाच्या हाताखाली गेल्या. हे जनावर माणूस दिसला की पळतं, आणि पळायला माळ असला तरच जगतं. तुमच्या तंबूत माळ नव्हता, माझ्या आवारातही नव्हता. … उपदेश नाही करत. सवय आहे जिभेला. … जाणूनबुजून मारलं म्हणता? कोण म्हणतं? … तुमचा वकील म्हणू दे. … नवसारीचे पोलीस इकडे कसे येतील, आता ते दुसरं राज्य झालं. … डहाणूत? … कोणाची ओळख? … हो, ऐकतोय."

ऐकता ऐकता गुरुजींचा चेहरा उतरत गेला. प्रल्हादरावांनी मघापासून हातातला शिक्का खाली टेकवलाच नव्हता.

"… सगळ्यांना? … पाड्यावरचे सगळे बापये उचलून नेणार, आणि त्यातला एक बोलेलच. … हो, बोलेल. मार खाल्ल्यावर कोण बोलत नाही? … शेठ, लहान लहान पोरं आहेत त्यांना. माझ्याकडे शिकतात. आज सकाळी निम्मा वर्ग रिकामा होता, बाप जंगलात पळाले म्हणून आया पोरांना सोडत नाहीत. … नका करू असं. हात जोडतो. … मग काय हवंय तुम्हाला? जनावर तर मी परत आणू शकत नाही.

"… काय? … कातडं?"

ओट्यावरची पाठ हलली. काकड्यानं मान वळवून आत पाहिलं. गुरुजींनी त्याला हातानंच, तिथेच बस, असं खुणावलं.

"अहो, पुरलंय तिला. … काल दुपारी. पोरांनीच खड्डा खणला, पोरांनीच माती लोटली. … उकरून? … थंडी आहे म्हणून काय झालं? … आज संध्याकाळपर्यंत टिकतं? असेल. मला माहीत नाही. … कशाला पण? … तट्टावर? … शिवून? … पांढऱ्या तट्टाला हिचं कातडं घालून रिंगणात… आणि लोकांना कळत नाही? … पेट्रोमॅक्सच्या उजेडात. बरं. … डाग पडलेत त्याच्यावर. … पोटाखाली आहेत, दिसायचे नाहीत. … हो, बरोबर आहे तुमचं. वरून दिसत नाहीत.

"… म्हणजे हे दिलं, तर पोलीस नाहीत? … एकाचंही नाव नाही? पुन्हा कधीही नाही? … तुमच्या गणपतीची शपथ घेता? … घ्या, मी ऐकतोय. … हं. … माणूस कोण पाठवणार? … उद्या दुपारच्या गाडीनं. … मीठ मिळतं इथे, मिठागरं जवळ आहेत. आतून चोळायचं. … चोळून गुंडाळी. … समजलं. … सोलणारा? … बघतो मी. बाहेरचा बोलावला तर बातमी फुटेल. … शाळा सुटल्यावर. पोरं घरी गेल्यावर करीन, आधी नाही. … नाही शेठ, तेवढं माझं ऐका. पोरांच्या देखत नाही.

"… आणि त्या तट्टावर कोण बसणार? … यमुना? … तिला विचारलंत? … पोटासाठी करते, हो. … जरा तिला द्या. … द्या हो, शेठ. एवढं ऐकलं तुमचं."

रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला. मग श्वास.

"यमुना? … ऐकलंस. … हो, मीच कबूल केलं. मीच. … बोल, काय बोलायचं ते बोल. … हो. … हो, शेवंतीचं कातडं सोलून देणारा मीच. तिला गवत घालणारा पण… नाही, ते नाही सांगत. … अगं, तू त्याच्या जागी… ऐक ना! तो माणूस… तो माणूस कालपासून जेवलेला नाही. … नाही सांगणार. शेठला नाही सांगितलं, तर तुला कसं सांगू? … तुझा हक्क आहे, मान्य. सगळ्यात जास्त तुझाच आहे. म्हणूनच तुला नाही. नाव कळलं तर जन्मभर तेच धरून बसशील. … काय म्हणालीस? … एक माणूस वाचवायला… हो. … हो, पोरी. तिला दुसऱ्यांदा बांधलं मी. … खरं आहे. … यमुना, तू त्या तट्टावर बसू नकोस. नाही म्हण. … कुठे जाशील? इथे ये. शाळेत ये, माझी बायको आहे, दोन पोरी आहेत, राहशील त्यांच्यात. … यमुना? … ऐकतेस ना? … हॅलो?

"हॅलो? … हॅलो, बेन? … बेन, नवसारी… हॅलो?"

गुरुजींनी रिसीव्हर जागेवर ठेवला. प्रल्हादरावांनी हळूच विचारलं, तेव्हा लाइन गेली, एवढंच ते म्हणाले. लाइन गेली नव्हती. पलीकडे फोन ठेवल्याचा खट्ट आवाज त्यांना नीट ऐकू आला होता.

बाहेर ऊन चढलं होतं. काकड्या उठून उभा राहिला. तो गुरुजींच्या तोंडाकडे पाहत राहिला. गुरुजींनी चपला पायात सरकवल्या. काय झालं, काय ठरलं, हे त्याला नीट समजावून सांगायला हवं होतं. आयुष्यभर तेच काम केलं होतं.

"चल," गुरुजी म्हणाले. "मीठ घ्यायचंय. आणि विळा तुझ्याकडेच आहे ना, तो घे बरोबर."