माळावर नुसती दगडं

न्हाय न्हाय पावणं, ते खोडा आधी! माळावर ‘काय न्हाय’ लिवलासा व्हय? अवो, ते माळाचं न्हवं, ते आपलं माझ्या तोंडाला आलेलं — कुणी कायबी इचारू दे, पयलं ‘काय न्हाय’च येतं बगा. जेवायला काय केलंय? काय न्हाय — आन् आत झुणका, भाकरी, खर्डा सगळं तयार! काय करता वैनी? काय न्हाय, घरातच असते — म्हंजे पाच शेरडं, दोन म्हसरं, सासू! असली ही जीभ, पावणं, तिच्यावर सर्वे नका करू.

ब्याण्णव साली असाच एक जण आलता, कागद घिऊन. माळावर काय हाय म्हणून इचारलं. मी कुरुंदवाडची, नदीकाठची, ऊस बगत वाढलेली — हितला कोरडा माळ पावण्याला दाखवायची लाजच वाटायची मला. म्हटलं, ‘काय न्हाय वो, नुसती दगडं.’ वर हसलेबी! त्यानं लिवलं की, पडीक. झालं — पडीक म्हणून अर्धा माळ खाणीला दिला, भवतीनं तारा पडल्या, मुरूम उपसला, आन् खालची हीर, पाडव्यापतोर पाणी द्यायची, ती संक्रांतीलाच तळ दाखवाय लागली. त्या दगडांतनंच पाणी मुरत हुतं, हे मला कुटं ठावं? लई शानी ना मी!

आता तुमी म्हणताय, ज्या माळाची किंमत जास्त भरंल तो राखायचा. मग लिवा की! गवत लिवा. केरबा धनगराची मेंढरं लिवा. जळण, तरवडाची फुलं, मोहळाचा मध. हिरीचं पाणी तर ठळक लिवा. काय? वारं? वाऱ्यालाबी किंमत लावता व्हय? लावा बाबा, लावा, राहिल्याला अर्धा तरी वाचू दे!

नाव? घरच्या मालकाचं? ... थांबा जरा. मागल्या बारीबी हेच झालं. नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं, म्हणून मी रेशनकार्ड पुढं केलं — त्यानं तेच उतरून घेतलं. बोलले मी, नाव लागलं मालकांचं. तो कागद चावडीवर वाचला, त्याला बारा वर्सं झाली, तवापास्नं गाव त्यांना ‘दगडं’ म्हणून हाका मारतंय. ते आपलं पारावर बसून शपथा घेत्यात, मी त्या दिशी शाहूपुरीच्या बाजारात शेंगा घालाय गेलतो म्हणून — खरंच गेलतं वो ते! आन् मी काय करते? ताटात भाकरी वाढते न् म्हणते, जाऊ द्या, लोकांचं काय ऐकताय.

असं बगू नका पावणं. लिवा. रत्नव्वा. व्हय, माझंच. आन् मागली ‘दगडं’बी माझीच, तसं लिवा. आन् उठा आता — च्या राहू दे, मालक वळणावर आल्यात. कागदावरनं कळायच्या आदी माझ्या तोंडनं कळू दे त्यास्नी. जावा. मागल्या दारानं जावा.