शंभर दाण्यांचे एकशे एक्क्याऐंशी कोंब

हसा तुम्ही, पण मला सांगा, शंभर दाण्यांतून एकशे एक्क्याऐंशी कोंब कसे निघतील? जालन्यात आमच्या बियाण्याच्या लॅबमधे निघाले! ट्रेचा फोटो काढला की ब्राउझरमधलं वेबअसेंब्लीचं मॉड्यूल, म्हंजे पानासोबत चालणारा प्रोग्रामचा तुकडा, उगवलेले दाणे मोजायचं. प्रोग्राम पुण्याच्या साहेबांचा, चालवायला मी.

साहेब व्हिडिओ कॉलवर म्हणले, "मोजणीचं फंक्शन दर वेळी शून्यापासून मोजतं. तुमच्या बाईंनीच दाणे जास्त टाकलेत. त्यांना कामावरून काढा."

बाई म्हंजे वडीगोद्रीच्या शेवंताताई. बारा वर्षं झाली, हातानं दाणे मोजून राह्यल्या. त्या माझ्या बाजूलाच उभ्या होत्या. माझं डोकंच फिरलं.

म्हणलं, "साहेब, फंक्शन संपतं, पण मॉड्यूल चालूच ऱ्हातं अन् त्याची मेमरी तशीच ऱ्हाते. पहिल्या ट्रेचे नव्वद तिथंच पडून होते, त्यावर दुसऱ्याचे एक्क्याण्णव चढले. तुम्ही ब्राउझरचं पान नव्यानं उघडता अन् एकच ट्रे तपासता, म्हणून तुम्हाला बराबर दिसतं."

"शक्यच नाही!"

मंग ताईंनी एक रिकामा ट्रे कॅमेऱ्याखाली सरकवला. आकडा आला, एकशे एक्क्याऐंशी.

साहेब चष्मा पुसायला लागले. ताई फोनच्या पुढ्यात आल्या. "साहेब, एका लॉटचा दाणा दुसऱ्यात जाऊ न्हाई म्हणून मी दर वेळेस ट्रे धुते. तुमच्या मशिनीचा ट्रे कोण धुणार होतं?"