पोट एक बोलले, तोंड एक

“हॅलो? … व्हय, मीच की. हळू बोल, संस्कृती. परसदारी उभा हाय, पाण्याच्या टाकीआड. … न्हाय गं, जेवण कुटं झालंय! पोरीचा फोन हाय म्हणून ताटावरनं उठलोय.”

कन्येच्या विवाहाची बोलणी करण्यासाठी कुंडलिकराव मोडनिंबहून सोलापुरास वरपिता बसलिंगप्पांच्या घरी आले होते. मुलामुलीने पुण्यात एकमेकांस पसंत केले होते, बसलिंगप्पांचाही होकार होता. परंतु त्यांच्या वृद्ध मातोश्री, ज्यांना सारे घर अव्वा म्हणे, त्यांचा रुकार अद्याप बाकी होता. आणि आज अव्वा स्वहस्ते वाढत होत्या.

“किती म्हंजे? … पाच. … अगं, होळग्या! पुरणाच्या पोळ्या, वरनं तुपाची धार. … साखरेचं ठावं हाय की मला! दवाखान्यातनं येऊन महिना न्हाय झाला, इसरीन व्हय?

“हो, हो… अगं ऐक ना. तू सांगितलंस तसंच केलं. घास सावकाश चावला. दर घासाला थांबून पोटाला इचारलं. दुसऱ्या होळगीला ढेकर आली, पोट म्हणालं, बास. लई स्पष्ट म्हणालं.

“मग मी बी बोललो की! अव्वांना मराठी येत न्हाय, म्हणून तूच शिकवलेल्या कानडी शब्दांतला एक बोललो. हात जोडून.

“बेकू.

“… हसतीस का? … काय?

“बेकू म्हंजे पाहिजे?”

कुंडलिकरावांनी मनातल्या मनात होळग्या पुन्हा मोजल्या. उदराने आपला निर्णय केव्हाच दिला होता; जिव्हेने मात्र घात केला. तीन वेळा त्यांनी हात जोडून, उत्तरोत्तर अधिक काकुळतीने तोच शब्द उच्चारला होता, आणि तिन्ही वेळा अव्वांचे मुख अधिकच प्रसन्न झाले होते.

“मग नको म्हणायला काय? … बेड? … झोपायचा न्हवं? … बरं, बरं. आन पोट भरलं? … होट्टे तुंबितु. होट्टे… तुंबितु.

“पर आता कसं म्हणू, बाळा? बसलिंगप्पा म्हणाले, अव्वा लई खूश हायेत. असा मागून खाणारा पाव्हणा त्यांनी बघितला न्हाय म्हणं. आता ताटाला पाठ फिरवली, आन त्यांचं मन फिरलं तर? … तुझं लगीन मोडंल की. … खातो आणिक एक. … अगं, रडतीस कशापायी?

“थांब. … आल्या. … अव्वाच. हातात होळगी हाय. … फोन ठेवू नको गं.”

मागे टाकी, पुढे अव्वा. एकीकडे दवाखाना, दुसरीकडे लेकीचे भाग्य. आणि मधल्या वीतभर जागेत कुंडलिकराव घामाघूम उभे होते. त्यांनी डोळे मिटून पोटावर हात ठेवला.

“अव्वा… बेड. बेड, अव्वा. होट्टे तुंबितु.

“… नुसत्या बघत्यात. … होळगीकडं बघत्यात. … संस्कृती, चुकलं वाटतं गं माझं.

“थांब, बसलिंगप्पा दारातनं कायतरी सांगत्यात. … काय म्हणता, पाव्हणं? … आँ?

“अगं, ह्यांच्यात पाव्हण्याचं पोट भरल्याबिगर अव्वा तोंडात घास घालत न्हाईत म्हणं! सकाळपासनं उपाशी हायेत. माझं आपलं बेकू, बेकू चाललंय, आन ती म्हातारी बिचारी…

“बसल्या. हितंच, पायरीवर. तीच होळगी खात्यात. … लई भुकेजल्या हुत्या गं.

“आता मला कायतरी इचारत्यात. तुझं नाव घेतलं. … पाव्हणं, काय म्हणत्यात अव्वा?

“…

“संस्कृती… अव्वा इचारत्यात, आमची सून जेवली का.

“… काय सांगू त्यांना? … न्हाय जेवलीस? मग जा, जेव आधी. ठेवतो.”