साहेबांची फ्लॉपी

अठ्ठ्याण्णव साल. हैदराबादेत गौलीगुड्याच्या बसरांगेत माझ्या पुढे विमलाबाई आणि ऑफिसातून नुकतीच आलेली त्यांची लेक दीपमाला.

“आई, ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांत व्हायरस शिरला. आणि आळ माझ्यावर!”

“कायकू? तू काय केलंस?”

“काही नाही! माझी फ्लॉपी तर रोज अँटीव्हायरसने तपासतात. आडनाव कळल्यापासून, फक्त माझीच.”

“मग व्हायरस आला कुठून?”

“साहेबांच्या फ्लॉपीतून. पोरीची पत्रिका जुळवायचा प्रोग्राम आणला होता त्यांनी.”

“हौ? अन् ती नाही तपासली?”

“तिच्या कव्हरला हळदकुंकू लावलेलं! कोण तपासणार?”

“तोंडावर सांगायचं होतंस.”

“सांगितलं ना! तर म्हणाले, उद्यापासून तुझी फ्लॉपी दोनदा तपासू.”